नऊ मीटर की सात

आधीच सांगून टाकते, कारण नंतर कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. हो, मी पंचेचाळीस वर्षांची आहे. हो, सोलापुरात हायस्कूलला भूगोल शिकवते. आणि हो, सुट्टी लागली की उजनीच्या पाण्यावर स्वतःला पतंगाला बांधून घेते आणि पायाखाली फळी घेऊन सुटते. संक्रांतीचा पतंग नव्हे. चांगलं खोलीएवढं कापड असतं, त्याच्या कडेच्या नळीत हवा भरायची, चार दोऱ्या, कमरेला पट्टा. वारा ओढतो आणि आपण पाण्यावरून जातो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दहा दिवस राहून शिकले. नवऱ्यानं मला जाऊ दिलं म्हणून त्याचं सगळ्या गोतावळ्यात कौतुक झालं. शिकले मी, पण ते असो.

या खेळात अक्कल लागते ती पाण्यात उतरायच्या आधी. पतंग केवढा घ्यायचा, एवढंच ठरवायचं असतं. माझ्याकडे तीन आहेत, बारा चौरस मीटर कापडाचा, नऊचा आणि सातचा. वारा मंद असेल तर मोठा, जोराचा असेल तर लहान. त्याचा छापील तक्ता मिळतो, पण तो पंचाहत्तर किलोचा पुरुष धरून केलेला. मी ओल्या कपड्यांसकट पन्नास किलो. म्हणजे त्या तक्त्यात मी कुठं बसतच नाही. आयुष्यभर हेच चाललंय, त्यात नवल काय.

गेल्या वर्षी मी घोडचूक केली, आणि ती आमच्याच घरातली चूक होती. आमच्याकडे वारा वाया घालवायचा नाही, असं रक्तातच आहे. आई लग्न होऊन आली तेव्हा घराचं खळं नदीकाठाला होतं. मळणी झाली की वाऱ्याची वाट बघत बसायचं. वारा सुटला की ताटावरनं उठायचं, तिपाईवर चढायचं आणि पाटीतून ज्वारी खाली सोडायची, भुसकट उडून लांब जातं, दाणे खाली पडतात. वारा पडला की काम बंद. म्हणून जेवढा येईल तेवढा वापरून घ्यायचा. मीही तसंच केलं. वारा आलाय तर घेऊ सगळा, म्हणून बाराचा पतंग लावला. दुसऱ्याच झोतात त्यानं मला पाण्यातून उचललं आणि पलीकडच्या काठाच्या दगडांवर नेऊन आपटलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. होडीत घालून आणली मला, ज्वारीचं पोतं आणावं तशी.

मग काय, ज्याला त्याला तोंड फुटलं. स्टाफरूममध्ये, नणदांमध्ये, अगदी दवाखान्यातल्या मावशीपर्यंत. या वयात कानात वारं शिरलंय म्हणे. पण खरा अडसर घातला तो दादानं. काठाला उतरायला सपाट जागा आहे ती त्याच्या शेतातली, आणि पतंगही त्याच्याच घरी ठेवलेले. तो म्हणाला, "अंथरूण बघून पाय पसरावं माणसानं. आता शेवटचं सांगतो. पुन्हा एकदा जरी तुला आणाय होडी सोडावी लागली, तर तिन्ही पतंग फाडून कडब्यावर घालीन. ताडपत्री तशी बी फाटलीच हाय." त्यानं मला आईची शपथ घालून कबूल करून घेतलं. मी केलं कबूल. आमच्यात शपथ मोडत नाहीत, आणि हे त्याला चांगलं ठाऊक.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात केम स्टेशनला उतरले. दादा मोटरसायकल घेऊन आला होता. काठाला गेलो तर आई आधीच येऊन कडब्याच्या गंजीला टेकून बसलेली. मला लई नवल वाटलं. कारण आई त्या पाण्याकडे तोंड करून बसतच नाही. धरण भरलं तेव्हा मी तिच्या पोटात होते. घर गेलं, खळं गेलं, आणि तेव्हापासून ती त्या पाण्याचं नावसुद्धा घेत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचा कळस वर येतो. बाकीचे बघायला जातात, ही जात नाही. आज आली होती ती मला सोडवायला नव्हे. दादानं पतंग फाडताना मी तमाशा केला, तर मला आवरायला.

पुण्याहून एक गृहस्थही आले होते, त्यांचा स्वतःचा पतंग घेऊन. त्यांच्याकडे वारा मोजायचं यंत्र. मिनिटभर ते हातात वर धरून म्हणाले, "मॅडम, सरासरी पंधरा नॉट. तुमच्या वजनाला नऊ मीटर. सात घेतला तर बुडाल हं." माझ्या फोनवरही पंधराच दिसत होते. मी नऊची पिशवी उघडली.

तेवढ्यात आईनं गंजीच्या बुडाशी पडलेलं मूठभर भुसकट उचललं, उभी राहिली आणि डोक्याच्या उंचीवरून सोडून दिलं. मग पुन्हा एकदा. मग पुन्हा. पहिली मूठ पायाशीच पडली, दुसरी थेट बाभळीपर्यंत गेली, तिसरी मधेच. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यो वारा एकसारखा न्हाय. दम खातो आन दणका देतो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. असल्या वाऱ्याला आमी पाटी अर्धीच भरायचो. भरली पाटी घेऊन तिपाईवर उभी ऱ्हायली की वारा बाईलाच खाली पाडतो. तुला कोण शिकवणार, तू शिकलेली हायस."

पुण्याचे गृहस्थ गालात हसले. दादा म्हणाला, "आये, तू कशाला बोलतीस त्यात." आणि मला राग आला, दोघांचा एकदमच. सरासरी पंधरा म्हणजे काय, हे वर्गात मीच शिकवते ना. सरासरी पाऊस चांगला म्हणून सांगतात आणि करमाळ्यात टँकर फिरतात. दणक्यानं मला उचललं तर ते सरासरीनं उचलणार नव्हतं. पण लहान पतंगाचीही भीती होती. वारा दम खाईल तेव्हा सातचा पतंग मला धरणार नाही, मी वाऱ्याबरोबर लांब वाहत जाईन, आणि मग होडीच. नऊ घेतला तरी होडी, सात चुकला तरी होडी. मी नऊची पिशवी बांधली आणि सातचा पतंग काढला.

"बघा बुवा," पुण्याचे गृहस्थ म्हणाले, पण पतंग वर सोडायला त्यांनी मदत केली.

पहिल्याच फेरीत वारा दमला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात गेले. काठ सरकायला लागला. वळून बघते तर दादा होडीपाशी पोचलेला, दोर हातात घेतलेला. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की भीती वाटायला जागाच राहिली नाही. एवढी घाई कशाची रे? मी पतंग वर-खाली, वर-खाली झुलवत राहिले, मिळेल तेवढ्या ओढीवर तगून राहिले. मग दणका आला. अंग घट्ट झालं, फळी पाण्यावर आली, आणि मी सुटले. बाराच्या पतंगानं असल्याच दणक्यात मला गेल्या वर्षी उचललं होतं. सातनं नुसतं ओढलं. दणक्यात वाऱ्याच्या तोंडाला पुढं सरकायचं, तो ओसरला की तग धरायचा, असं करत मी देवळाच्या कळसाला लांबून वळसा घातला आणि जिथून निघाले होते तिथेच येऊन उतरले. दादाच्या हातातला दोर होता तिथेच होता.

"आज सातचाच वारा होता," पुण्याचे गृहस्थ म्हणाले, जसं काही त्यांनीच सांगितलं होतं. मी बरं म्हणाले. असल्यांशी वाद घालून माझा घसा दुखतो, शाळा उघडायची होती.

आई पाण्याच्या कडेपर्यंत आली. पाण्याच्या एवढ्या जवळ मी तिला पहिल्यांदा बघत होते.

"देवळाच्या पल्याड गेली व्हतीस?"

"गेले होते."

"आपल्या खळ्यावरनं?"

"खळ्यावरनंच."

तिनं डोळ्यांवर हात धरून तिकडे बघितलं. मग विचारलं, "तितं वारा तसाच हाय व्हय गं?"

"तसाच आहे," मी म्हणाले. मला रडू आलं, आणि ते पाणी डोळ्यात उडाल्यामुळे आलं असं मी अजिबात म्हणणार नाही.

आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग दादाकडे वळून म्हणाली, "उद्या बाजारातनं कडब्याला ताडपत्री घेऊन ये."