शिपाई महादेवळे यांचा पत्ता

"हे मेडल माह्यं नाही, मॅडम. ज्याचं हाय त्याले वापस करायचं हाय. पत्ता सांगा."

असं म्हणून महादेव लांजेवारांनी माझ्या टेबलावर तंबाखूची डबी ठेवली. डबीत तंबाखू नव्हता. मऊ फडक्यात गुंडाळलेलं शौर्याचं मेडल होतं. रिबनचा रंग कोरा करकरीत, म्हणजे ते कधी उन्हात निघालंच नसावं.

मी सैनिक कल्याणाच्या सरकारी ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झाले. घरी नातवंडांना शिस्त लावून पाहिली, त्यांनी दाद दिली नाही. म्हणून आता आठवड्यातून दोन सकाळी रामदासपेठेत माजी सैनिकांच्या मदत केंद्रावर बसते. माझं मुख्य काम दुरुस्तीचं. फौजेच्या रेकॉर्डमध्ये कुणाच्या आईचं नाव चुकलेलं असतं, कुणाच्या बायकोच्या जागी बहिणीचं नाव पडलेलं असतं. मेडल मिळालं नाही अशी तक्रार घेऊनही लोक येतात. मिळालेलं परत घ्या म्हणणारा माणूस मात्र हा पहिलाच.

लांजेवार कळमेश्वरकडच्या खेड्यातले, हवालदार म्हणून निवृत्त, पंच्याहत्तरी ओलांडलेले. सोबत त्यांची मोठी बहीण जनाबाई. ती त्यांच्याहून म्हातारी आणि त्यांच्याहून खणखणीत.

"याले समजाव वं बाई जरा," जनाबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं बायपास सांगतलं. हा म्हनते, पयले मेडल वापस, मंगच छाती उघडू देईन. ह्या वयात असं अडून बसते काय कोनी?"

"वर गेलो अन् तो मानूस भेटला तं?" लांजेवार म्हणाले. "काय सांगू त्याले?"

"तू वर जाऊ नये म्हनूनच तं आपरेशन करून राह्यलो ना बाप्पा!"

मी हसू आवरलं आणि भिंग काढलं. मेडलच्या कडेवर, नाण्याला जिथे खाचा असतात तिथे, जवानाचा नंबर, रँक आणि नाव बारीक अक्षरांत कोरतात. नंबर लांजेवारांचाच होता, फक्त शेवटचे दोन आकडे उलटसुलट. नावाच्या जागी मात्र ना लांजेवार होतं, ना नुसतं महादेव. इंग्रजी अक्षरं होती: एम, ए, एच, ए, डी, ई, ओ, एल, ई.

"महादेवळे," मी ठसक्यात वाचलं.

"तोच," लांजेवार म्हणाले. "तो महादेवळे शोधून द्या."

मेडल त्यांना एकाहत्तरच्या लढाईनंतर मिळालं होतं. युनिटमध्ये पाकीट आलं तेव्हा सुभेदारसाहेबांनी नाव वाचलं, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "इस नाम का तो कोई है नहीं. ले, तेरा ही होगा."

"'होगा' म्हनले, मॅडम. 'है' नाही म्हनले."

त्या एका 'होगा'वर या माणसाने पन्नास वर्षं मेडल डबीत ठेवलं. गावची शाळा दर पंधरा ऑगस्टला म्हणते, आजोबा, मेडल लावून या. हे सांगतात, सापडत नाही.

"पण तुम्ही काही केलं असेल ना लढाईत?" मी विचारलं.

"जखमी गड्याले खांद्यावर आनलं. तसं तं त्या दिवशी सगळ्यायनंच कोनाले ना कोनाले आनलं. त्या महादेवळेनं काही मोठं केलं असन."

मी कामाला लागले. प्रत्येक रेजिमेंटचं एक रेकॉर्ड ऑफिस असतं. जवान भरती झाल्यापासून मरेपर्यंतची त्याची सगळी नोंद तिथे राहते. तिथे मी ईमेल पाठवला, फार सुरेख इंग्रजीत. देवळे आडनाव असतं, तर महादेवळेही असणार, आणि तो बहुधा पश्चिम महाराष्ट्राकडचा असावा, असा स्वतःचा शोधही मी त्यात जोडला. कुणी विचारला नव्हता.

महिन्याभराने उत्तर आलं. या नावाचा जवान त्या युनिटमध्ये कधीच नव्हता.

मी लांजेवारांना बोलावून ते वाचून दाखवलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे तो तिथंच गेला असन," ते हळूच म्हणाले. "नवीन आला असन, नाव चढवायचंही राहून गेलं. अन् मेडल मी घेऊन बसलो."

माझ्या सुरेख इंग्रजीने आजारी माणसाच्या डोक्यावर एक शहीदही बसवला होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख एकदा टळली होती, दुसरी जवळ येत होती. तेवढ्यात चहावाला कपांचा ट्रे घेऊन आला. जनाबाईंनी त्याला दारातच अडवलं.

"बिनसाखरेचा कोनता हाय? तो आमच्या महादेवले दे."

माझ्या हातात रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर होतं. त्यावर तीच नऊ अक्षरं होती.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"महादेवले म्हटलं वं. त्याले शुगर हाय."

"पुन्हा म्हणा."

"महा-देव-ले! ऐकू नाही येत काय तुले?"

खरंच येत नव्हतं. आमच्या नागपुराकडे 'महादेवला' असं म्हणत नाहीत, 'महादेवले' म्हणतात. हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण मी बाविसाव्या वर्षी नोकरीला लागले तेव्हा भलतीच शुद्ध होते. घरी 'मले भूक लागली' म्हणणारी मी ऑफिसात 'मला' म्हणू लागले. तेवढ्यावर भागेना, म्हणून जवानांच्या अर्जातल्या प्रत्येक 'ले'भोवती लाल पेनाने गोल काढू लागले. एका म्हाताऱ्या सुभेदाराने अर्ज परत घेताना विचारलं होतं, "मॅडम, गोळी मले लागली होती. मला लागली असती, तं कमी दुखलं असतं काय?" सगळं ऑफिस हसलं. मी हसले नाही. मी मोठी विदुषी, बी.ए. सेकंड क्लास. कान इतके घासून स्वच्छ केले होते की 'ले' कानावर पडायचा आणि आत शिरेपर्यंत त्याचा 'ला' व्हायचा.

"तुम्ही खांद्यावर आणलं ते कुणाला?" मी लांजेवारांना विचारलं.

"गुलाबले."

"गुलाब कुठे असतात?"

"कन्हानले. लग्नाकार्यात भेटते ना."

"आणि मेडलचं कधी बोललात त्यांच्याशी?"

लांजेवारांनी कप खाली ठेवला. "पंगतीत बसल्यावर कोनी मेडलचं काढते काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कन्हानला गेलो. गुलाबराव अंगणात बाजेवर बसले होते, एक पाय अजून पुरता वाकत नव्हता. लांजेवारांना मी आधीच बजावलं होतं की तुम्ही काही बोलायचं नाही. साक्षीदाराला उत्तर शिकवलं असं व्हायला नको.

"तुम्ही जखमी असताना कुणी तुमचं बयान घेतलं होतं?" मी विचारलं.

"हो ना. तंबूतल्या दवाखान्यात साहेब आले, संग एक बाबू लिहाले. साहेबानं पुसलं, 'बोलो, किसको शाबाशी मिलनी चाहिए?' मले अर्धीच शुद्ध. म्या म्हटलं, महादेवले. बाबूनं पुन्हा पुसलं. म्या म्हटलं, महादेवले. मंग सुई टोचली त्यायनं, झोपलो."

"आडनाव नाही सांगितलं?"

"गड्याले आडनावानं कोन हाका मारते?" मग ते एकदम लांजेवारांकडे वळले. "काहून गा, भेटलं नाही काय तुले?"

लांजेवारांनी परवानगीसाठी माझ्याकडे पाहिलं. जनाबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

"भेटलं," ते म्हणाले.

"मंग लावत काहून नाही? मले वाटे, मोठा मानूस झाला, आमच्यासमोर लावाची लाज वाटते याले."

लांजेवार बाजेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पुढचं बोलणं मी ऐकलं नाही. जनाबाईंनी मला सांडग्यांची कृती विचारायला आत नेलं. सांडगे त्यांना माझ्याहून चांगले येतात.

गुलाबरावांचं ॲफिडेव्हिट केलं. पण बाबू परमुलखातला होता आणि त्याने आमच्या विभक्तीचा प्रत्यय नावात लिहिला, हे रेकॉर्ड ऑफिसला पटवायचं कसं? व्याकरणाचा दाखला तहसीलमध्ये मिळत नाही. रेकॉर्ड ऑफिसातल्या तरुण पंजाबी मेजरसाहेबांना मी फोन लावला.

"मॅडम, नंबर में तो टाइपिंग मिस्टेक मान लेंगे. नाम का क्या करें? ये तो दूसरा आदमी है."

"दूसरा नहीं है, साहब. आपके गाँव में 'महादेव को' कैसे बोलते हैं?"

"हमारे पिंड में? महादेव नूं."

"और बाबू ने उसे जोड़कर लिख दिया होता, 'महादेवनूं', तो आप अब तक महादेवनूं को ढूँढ रहे होते."

पलीकडून असा हसण्याचा आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला.

"भेज दीजिए, मॅडम. ॲफिडेव्हिट के साथ ये नूं वाली बात भी लिखकर भेजिए."

लिहिली. या वेळी इंग्रजी साधं ठेवलं. दुसरी तारीखही तोवर टळून गेली होती, डॉक्टर चिडले होते आणि जनाबाईंनी भावाशी बोलणं टाकलं होतं. अखेर पार्ट टू ऑर्डर निघाली. जवानाच्या नोंदीत काही बदललं की जो आदेश निघतो, तो हा. नंबर सरळ झाला, मेडलच्या नोंदीतून महादेवळे गेला आणि त्याच्या जागी महादेव लांजेवार आले.

प्रिंट घेऊन मी हॉस्पिटलात गेले. लांजेवार खाटेवर होते. ऑपरेशन दुसऱ्या सकाळी होणार होतं. ऑर्डर वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली आणि दुसऱ्यांदा 'होगा' कुठे येतं का, ते लक्ष देऊन ऐकलं. आलं नाही.

"आता मेडलच्या कडेवरचं नावही बदलून मागता येईल," मी म्हटलं. "अर्ज मी करते."

त्यांनी उशाखालून डबी काढली आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"राहू द्या, मॅडम. बरोबर तं लिवलं हाय. कोनाले देल्लं? महादेवले."

लांजेवार ठणठणीत आहेत. पंधरा ऑगस्टला शाळेत मेडल लावून गेले. गुलाबरावही कन्हानहून आले होते, आणि मेडल आपणच दिलं असं सगळ्या पोरांना सांगत होते. तांत्रिकदृष्ट्या ते खरंच आहे.

नव्या कर्मचाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. रेकॉर्डमध्ये माणूस सापडत नसेल, तर दुसरा माणूस शोधायला निघण्याआधी नावाचा प्रत्यय काढून पाहा. आणि लाल पेन घरी विसरत जा. मले हे थोडं उशिरा समजलं.