डावा कंस

चहात तीन चमचे साखर. ढवळायची नाही. तळाशी राहिलेली शेवटी चमच्यानं खायची.

बैठकीला पेन न्यायचं नाही. शिसपेन्सिल न्यायची. खोडरबर वेगळं, स्वेटरच्या खिशात.

समोरचा सरकारी माणूस बोलायचा थांबला की मनात पाचपर्यंत मोजायचं, मगच उत्तर द्यायचं. बरेच जण तीनलाच अस्वस्थ होऊन आणखी काहीतरी कबूल करून टाकत.

विमानात मिळालेली बिस्किटं आत्यासाठी राखून ठेवायची. पर्समध्ये वाळवलेल्या सामन माशाचा तुकडा कायम. कराराच्या मसुद्यालाही त्याचा वास यायचा.

डेल्फीन पिएर एकोणीस वर्षं आमच्या आदिवासी राष्ट्राच्या वतीनं वाटाघाटी करत होती. टेबलाच्या एका बाजूला राजधानी ओटावाहून आलेले केंद्राचे लोक, दुसऱ्या बाजूला प्रांताचे, तिसऱ्या बाजूला ती. मी साहित्याची पदवी घेऊन शहरातून परत आले तेव्हा तिनं मला टिपणं घ्यायला बसवलं.

"कादंबऱ्या वाचल्यास ना एवढ्या? मग हेही वाच," ती म्हणाली. "यात कुणी मरत नाही, आणि शेवटही येत नाही."

करारातला जो मजकूर अजून सगळ्यांना मान्य नाही, तो चौकोनी कंसात ठेवतात. डेल्फीनताईची यात स्वतःची एक पद्धत होती. दोन्ही सरकारांनी मान्य केलं की आपल्या प्रतीतला उजवा कंस ती खोडायची. आमच्या कुळांनी मान्य केलं की डावा. कुळांना विचारल्याशिवाय तिनं डावा कधीच खोडला नाही.

नदीच्या मुखाचं कलम नऊ वर्षं कंसात होतं. तिथल्या मासेमारीवर आमचा हक्क कायम राहणार की नाही, एवढंच त्यात होतं.

मार्चमधल्या बैठकीत ओटावाच्या वकिलानं विचारलं, "तुमचे लोक तिथे पूर्वीपासून मासे धरत होते, हे कशावरून?"

तो उद्धट नव्हता. त्याला फाइलमध्ये काहीतरी लिहायचं होतं. पण त्या दिवशी ती पाचपर्यंत थांबली नाही. तिनं उपासमारीच्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. एक म्हातारी, मुखापाशी बर्फाला पाडलेलं भोक, काळ्या खडकाला बांधलेला सापळा, वाचलेली अकरा माणसं. म्हातारीचं नावही तिनं घेतलं. वकिलानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुपारपर्यंत दोन्ही सरकारांनी कलम मान्य केलं.

मला आनंद झाला होता. इतकी नीट सांगितलेली गोष्ट मी वर्गातही ऐकली नव्हती. मी ती शब्दन्‌शब्द टिपली होती.

तिनं उजवा कंस खोडला. मग पेन्सिल खाली ठेवली.

"काय करून बसले मी," ती हळूच म्हणाली.

गोष्ट लांडगा कुळाची होती. तिचा बाप लांडगा कुळातला; लहानपणी त्याच्या मांडीवर तिनं ती कितीदा तरी ऐकलेली. पण आमच्यात कूळ आईकडून येतं, आणि आईकडून ती बेडूक कुळाची. तो खडक, ते नाव, ती गोष्ट, सगळं लांडग्यांचं. त्यांनीच सांगायची, तीही कुळांच्या सभागृहात, साक्षीदारांसमोर. आता ती सरकारी इतिवृत्तात होती. टाइप मी केली होती.

तिसऱ्या दिवशी तिची आत्या कचेरीत आली. यूजिनी, लांडगा कुळाची प्रमुख, वय शहाऐंशी.

"फार छान सांगितलीस म्हणे."

"चुकलं, आत्या."

"नाव तरी बरोबर घेतलंस?"

"बरोबर घेतलं."

"मग तर जास्तच वाईट. चुकीचं घेतलं असतंस, तर दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून सोडून दिलं असतं." ती खुर्चीवर बसली नाही. "नदीचं मुख त्या कागदातून काढ. आमची जागा आम्ही दिलेली नाही."

मुख काढलं तर मासेमारीच्या प्रकरणात काही उरत नव्हतं. आमच्या वकिलानं माफीचं पत्र तयार केलं. डेल्फीनताईनं ते वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि परत दिलं.

"पत्रानं लाज पुसली जात नाही. ती खायला घालून पुसतात."

एप्रिलअखेर तिनं मेजवानी दिली. मूस हरणाच्या मांसाचं सूप, तळलेला पाव, कडवट रानफळांचा फेस. लांडग्यांपैकी प्रत्येकाला ब्लँकेट. बाकी सगळे साक्षीदार. त्यांना साखर, पीठ, टॉवेल. ओटावाच्या वकिलालाही तिनं बोलावलं आणि दाराजवळ बसवलं.

"मी टिपणं घेऊ का?" त्यानं विचारलं.

"नको. टॉवेल दिलाय ना तुम्हाला? तो लक्षात ठेवण्याबद्दलच असतो."

मग ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "जे माझं नव्हतं ते मी बोलले," म्हणाली, आणि खाली बसली.

यूजिनी आत्यानं ब्लँकेट बोटांनी चाचपून पाहिलं.

"लोकरीचं आहे?"

"लोकरीचंच आहे, आत्या."

"मग ठीक आहे." लोक हसले. आत्या हसली नाही. "टिपणातलं ते पान फाडा. पुढच्या बैठकीला मी येते. गोष्ट मी सांगेन, मला हवी तेवढीच. मग तुला काय खोडायचं ते खोड."

ओटावाच्या वकिलानं पान काढायचं कबूल केलं. घरी जाताना मी डेल्फीनताईला म्हटलं, "झालं की, ताई. खोडून टाक डावा."

"आत्याला टेबलाशी बसून बोलू दे. आधी नाही."

बैठक चौदा मेला होती. अकरा तारखेला सकाळी डेल्फीनताई स्वयंपाकघरात कोसळली. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली होती. चहा अर्धा होता.

आमच्यात मेलेल्या माणसाचं सगळं बापाचं कूळ करतं. लांडग्यांनी तिला आंघोळ घातली, पेटी बनवली, खड्डा खणला. यूजिनी आत्यानं तिच्या स्वेटरचे खिसे रिकामे केले. बिस्किटांचा पुडा स्वतःकडे ठेवला. खोडरबर माझ्या हातात दिलं.

बैठक पुढे ढकलली आहे. नवी तारीख कळलेली नाही. डेल्फीनताईची प्रत माझ्या टेबलावर आहे, पान एकशे बेचाळीस उघडून ठेवलेलं. उजवा कंस जिथे होता तिथे कागद थोडा झिजलाय. डावा तसाच आहे.