दुधीचं नरसाळं आणि बारूदीचं शिंग

"फेक बे ते बिडी! फेक म्हनतो ना!"

दादा एवढ्या जोरानं ओरडला, की गोठ्यातला बैल दावं ताणून उभा राहिला आणि माझ्या तोंडातली बिडी मी काही ठरवायच्या आत शेणाच्या ढिगात जाऊन पडली. दादा अंगणात उकिडवा बसला होता. दोन्ही गुडघ्यांत म्हशीचं शिंग उभं धरलेलं, त्याचं बोटभर रुंदीचं तोंड वर. एका हातात चिखलीहून आणलेली बारूदीची पुडी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची सुरळी. त्या सुरळीतून बारूद शिंगात उतरवायची होती. तेवढ्यात वारा आला, सुरळीनं मान टाकली आणि चांगली मूठभर बारूद मातीत गेली. सांडलेल्या तुपाकडे पाहावं तसा दादा मातीकडे पाहत राहिला. मला म्हणाला, आता पेटव बिडी, आता काय राह्यलं.

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. पीक राखायचा परवाना वडिलांच्या मागं दादाच्या नावावर झाला होता. बंदूक एवढी लांब, की दादा बांधावर पोचायच्या आधी तिचं तोंड शेतात जाऊन आलेलं असायचं. शिंगातून बारूद नळीत घालायची, चिंध्या ठासायच्या, मग छर्रे, पुन्हा चिंध्या, आणि मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. एवढं होईस्तोवर डुक्कर घरी जाऊन, लेकराबाळांना भेटून परत येई. पण एकदा उडाली की उडाली. चिखलीच्या बाजारात बोली बोलणारा अडत्या मधेच थांबायचा, असं मी लोकांना सांगत असे आणि लोक मानतही असत.

मुंबईकडे नवं राज्य झालं होतं. डुकरांना ते कोणी कळवलं नव्हतं. ती आपल्या जुन्याच रिवाजानं, दिवस मावळला की डोंगराखालच्या नाल्यातून निघत आणि आमच्या भुईमुगात उतरत. डबे बडवले तर डब्याच्या तालावर खात. गोफणीचा दगड पाठीत बसला, तर शेजारच्या डुकरानं ढोसलं समजून त्याच्याशी भांडत. भीत ती फक्त बंदुकीला.

दोन वर्षं त्यांनी शेंग घरात येऊ दिली नव्हती. दोन्ही वेळा बंदूक हाताशी असून ऐन वेळी शिंग रिकामं पडलं, कारण पुडीतली निम्मी बारूद अंगणालाच मिळायची. तिसऱ्या पेरणीच्या दिवशी दादा वहिनीला म्हणाला, या साली शेंगा घरात आल्या नाहीत तर मी नांदुऱ्याले कापसाच्या जिनात हमालीले जातो, वावर ज्याले घ्यायचं त्यानं घ्यावं. मी शंभर गोष्टी बोलतो त्यातल्या दोन खऱ्या निघतात. दादा वर्षात दोनच बोलायचा आणि दोन्ही खऱ्या करायचा. त्या साली वहिनीनं भुईमूग असा निंदला, की गवताची काडीसुद्धा तिला विचारून उगवत होती.

म्हणून त्या वर्षी नरसाळ्याचा ध्यास लागला. विकतचं पत्र्याचं नरसाळं दादाला नको होतं. पत्रा घासला, ठिणगी पडली, तर शिंगासकट आपण देऊळगाव राजाच्या बालाजीच्या पायरीवरच उतरू, असं त्याचं म्हणणं. मी एरंडाची पोकळ दांडी आणली, तिच्यात बारूद अडकून बसली. तिफणीचं चाडं, म्हणजे बी सोडायचं लाकडी नरसाळंच, उलटसुलट करून पाहिलं, ते शिंगाच्या मानानं बैलगाडीएवढं. शेवटी दादाची नजर मांडवावर गेली. तिथं बियाणासाठी ठेवलेला एक दुधी वाळून खडखडत होता.

त्यानं तो पोटात आडवा कापला. बिया वहिनीला दिल्या. मानेचं टोक करवतीनं उडवलं, आतला गर काडीनं खरवडला, आणि ते टोक शिंगाच्या तोंडात घालून पाहिलं. असं बसलं, की देवानं दुधी आणि म्हैस एकाच दिवशी घडवली असावी. वेळूच्या एका पेराचं माप केलं, एका बाराची बारूद बरोबर त्यात मावेल असं. कडेला चिकटलेली बारूद खाली लोटायला मोराचं पीस. पैसा एकही नाही. गावातली सगळी म्हातारी माणसं पाहायला आली. एकानं विचारलं, काऊन बे, याचं लगीन कधी हाय? दादा हसला. त्या वर्षी तो हसलेला मी तेवढाच पाहिला.

खांडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं, अवजारं धुऊन पुजतात. विळे, कुऱ्हाड, तिफण, पास, आणि सगळ्यांच्या पुढं बंदूक. त्या वर्षी दादानं बंदुकीच्याही पुढं नरसाळं मांडलं. वहिनीनं हळदकुंकू वाहिलं. दादानं नारळ फोडला, सगळ्यांवर थोडं थोडं पाणी शिंपडलं आणि उरलेलं, मोठ्या मायेनं, नरसाळ्याच्या पोटात ओतलं.

वहिनी म्हणाली, "अहो, ते आतून ओलं झालं."

"उन्हात ठेवतो ना," दादा म्हणाला. "त्याचाही मान असते."

ठेवलं उन्हात. दुसऱ्या दिवशी वरून हात लावला तर ठणठणीत. पण वाळलेल्या दुधीची साल आतून जाळीदारच राहते, ती पाणी पिते आणि कोणाला सांगत नाही. बारूद त्यातून जरा सुस्तच उतरली. दादानं टिचकी मारली, पीस फिरवलं. एक कणही मातीत गेला नाही. शिंग काठोकाठ भरलं, खुंटी ठोकली, मेणानं तोंड बंद केलं. एकदा उडवून पाहू असं मी म्हटलं, तर दादा म्हणाला, हवेत उडवायले नायी आणली.

शेंगा दोन दिवसांत उपटायच्या होत्या. संध्याकाळी आम्ही दोघं मचाणावर. नाल्यातून डुकरं आली. म्होरक्या एवढा मोठा, की चिखलीच्या एसटीत चढला असता तर कंडक्टरनं त्याची दोन तिकिटं फाडली असती. दादानं नेम धरला, श्वास थांबवला, घोडा ओढला.

टप.

सुपारी फुटावी तसा टोपीचा आवाज झाला. मग नळीत फुस्स झालं, आणि तोंडातून आमच्या चुलीतही निघत नाही असा ओला धूर निघाला. बंदूक थंड होऊ दिली, बार उपसला, पुन्हा भरली, पुन्हा टप. मी खाली उतरून ओरडत धावलो. डुकरांनी एवढं केलं, की या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली आणि तिथून खायला सुरुवात केली.

सकाळी शेत नांगरल्यासारखं होतं. दादानं खुंटी काढून शिंग पालथं केलं, तर बारूद गुळाच्या खड्यांसारखी बाहेर आली. नरसाळ्यात त्यानं बोट घातलं. बोट दमट निघालं, टोकाला कुंकू. त्यानं ते धोतराला पुसलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्होरक्याचा आकार आणखी वाढवून सांगावा असं माझ्या मनात आलं, पण समोर वहिनी मातीतून चुकलेल्या शेंगा वेचत होती आणि तिचा ओचा भरत नव्हता.

घरी येऊन दादानं पिशवीत दोन धोतरं घातली. मी बंदूक खुंटीवरून काढली आणि म्हटलं, "दादा, तू नांदुऱ्याले जाय. म्या राखतो वावर."

दादा म्हणाला, "परवाना माह्या नावाचा हाय. जाताना बंदूक ठाण्यात जमा करून जातो."