पडलेल्या कैऱ्या आणि मुकादम सर

मुकादम सर आणि मी प्रथम समोरासमोर आलो ते पनवेलच्या आमच्या शाळेत, नववीच्या वर्गात. खरं सांगायचं तर मला त्यांची धास्तीच वाटली होती. सर इंग्रजी शिकवत, पण शब्दाचा अर्थ फळ्यावर कधी लिहून देत नसत. आधी बघा, मग बोला, हा त्यांचा खाक्या. वाक्यसुद्धा स्वतःच्या घरातलंच हवं, पुस्तकातलं चालत नसे.

ते दिवस सरकारने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याचे होते. गावात ज्याच्या त्याच्या दारात जीप. आमच्याही घरी सोफा आला. त्याचं प्लास्टिक काढायला बाबांची मनाई, त्यामुळे पाहुणे बसायचे आणि हळूहळू घसरायचे! अशात धड्यात 'विंडफॉल' हा शब्द आला. आदल्या रात्री वारं सुटलं होतं. सरांनी अख्खा वर्ग उठवून शाळेमागच्या आंब्याखाली नेला. वाऱ्याने पडलेली कैरी वेचेल त्याची, हा आमच्याकडचा रिवाज, तेव्हा आम्ही तुटूनच पडलो. सर म्हणाले, पेरलं नाही, पाडलं नाही, तरी ओंजळीत आलं, ते विंडफॉल. अवचित आलेल्या पैशालाही इंग्रज हाच शब्द वापरतो.

मग वाक्यं सुरू झाली. कुणाची जीप, कुणाचा टीव्ही. माझी पाळी आली तेव्हा मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी बोलून गेले, "आमच्याकडे विंडफॉल आला, म्हणून माझी शाळा सुटणार." वर्ग हसला. सरांनी व्याकरणाची चूकसुद्धा काढली नाही.

संध्याकाळी ते सायकलवरून आमच्या घरी हजर. बाबांनी हौसेने बेत सांगितला: पोरीचं लग्न, बँड, गावजेवण. सरांनी सगळं ऐकून घेतलं. आईने आग्रहाने जेवायला वाढलं. ताटात गेल्या वर्षीची मिठातली कैरी होती. ती कुठली, असं सरांनी विचारलं.

"आमच्या शेतातली, वाऱ्यानं पडलेली," आई म्हणाली. "त्याच दिशी मिठात घातली तर टिकते, नायतर काली पडते."

"आणि ते झाड?"

"जमिनीसंगं गेलं."

"म्हणजे म्हात्रेदादा," सर शांतपणे म्हणाले, "पुढच्या साली वारं सुटेल, पण पडायला काही नसेल."

बाहेरच्या माणसासमोर बाबांच्या शब्दाबाहेर कधी न जाणारी आई त्यांच्याकडे वळून बोलली, "आवो, थोडं मिठात घाला. पोरीला शिकू द्या."

बाबा लगेच वळले नाहीत. आठवडाभर सरांच्या नावाने धुसफुसले. सर पुन्हा पुन्हा येत राहिले, निमित्त कैरीचं. शेवटी बाबांनी माझ्या शिक्षणापुरते पैसे पोस्टात टाकले. जीप आली ती आलीच, आणि यथावकाश गेलीही. दहावीच्या पेपरांना सर केंद्राबाहेर उभे असत. स्वतःचा रोजा आणि हातात माझ्यासाठी लिंबाचं सरबत. आज मी कळंबोलीत इंग्रजी शिकवते. सर नसते तर हे काहीच नसतं.

सर आता पंचाहत्तरीत आहेत. दरवर्षी आमच्याकडून त्यांना मिठातल्या कैऱ्यांची बरणी जाते, आता विकतच्या कैऱ्यांची. हा लेख लिहिते आहे म्हटल्यावर थकलेले बाबा बरणीचं झाकण पुसता पुसता म्हणाले, "सरांना लिव, बरणी दर साली येनार हाय. त्यांनी निस्तं खायला ऱ्हावं."