जोमा मुकादमाची माणसं

चार मिठागरवाले एकत्र बसले की मिठाचा भाव राहतो बाजूला आणि माणसांचेच किस्से निघतात. माझ्याकडे तर साठाच आहे! नवी मुंबई हे नाव कुणी ऐकलंही नव्हतं, तेव्हा बेलापूरच्या खाडीला माझी मिठागरं होती. शाळा चौथीत सुटलेली. माणसं कशी सांभाळायची ते माणसांनीच शिकवलं, तेही धक्के देऊन!

*

पहिल्याच वर्षी मुंबईहून भलंमोठं घड्याळ आणून शेडमध्ये टांगलं. माझा मुकादम जोमा, तिथलाच आगरी, बोलणं मोजकं. त्याला बजावलं, "उद्यापासून आठच्या ठोक्याला सगळे हजर पाहिजेत! शिस्त म्हणजे शिस्त."

आठ वाजले. साडेआठ झाले. आगरावर चिटपाखरू नाही! तणतणत जोमाच्या घरी गेलो, तर हा ओट्यावर बसून भाकरी खातोय.

"शेट, भरती पहाटं आली. पानी आत घेतलं, बांधाचं दार लावलं, समदे घरी आले. आठला येऊन काय घड्याल बगायचं?"

घड्याळ त्याच दिवशी घरी नेलं.

*

मग कुणीतरी सांगितलं, चांगल्या कामगाराला बक्षीस द्या, बाकीचे ईर्ष्येनं कामाला लागतात. मिठाच्या टोपल्या वाहण्यात हिराबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळ्यांसमोर तिला पितळी तांब्या दिला, टाळ्या वाजवल्या. मी एकट्यानंच वाजवल्या, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हिराबाई सगळ्यांत मागे! आठवड्यानं तांब्या घेऊन माझ्यासमोर उभी.

"शेट, यो तांब्या घ्या. जेवायला बसलं का बाया माज्याकडं पाठ करतान. माजी मानसं मना परत द्या."

मी हबकलोच. त्यानंतर एकट्यादुकट्याला बक्षीस म्हणून कधी दिलं नाही. द्यायचं ते सगळ्यांना मिळून जेवण!

*

पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याला फॅक्टऱ्या आल्या. भोंगा, महिन्याचा पगार, कॅन्टीनचा चहा! माझी जवान माणसं एकेक करून तिकडे गेली. उरला जोमा आणि वीसेक बाया-म्हातारे. जोमाही गेला तर आगराला कुलूप, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जवळच्या फॅक्टरीचे पर्सोनेल ऑफिसर सबनीस माझ्याकडे चहाला येत. दादरचे, एम. ए. झालेले. एकदा आले ते चेहरा पाडून.

"शेटजी, कमाल झाली! कामगारांना एकेक करून आत बोलावलं. विचारलं, तुमचा पुढारी कोण? ज्यानं त्यानं एकच नाव सांगितलं, जोमा! पण जोमा नावाचा माणूस आमच्याकडे नाहीच हो!"

जोमा तर माझाच मुकादम, हे साहेबांना आज ना उद्या कळणारच! आता पुढे काय होणार, ते कळलं ना!

तेच झालं. सबनीसांनी जोमाला सुपरवायझर म्हणून बोलावलं. आणि जोमा गेला! मला न सांगता!

*

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुपारी आगरावर येतो, तर जोमा फावडं घेऊन हजर.

"काय रे, नोकरी?"

"कसली नोकरी? नेऊन खुर्चीत बसवला. म्हटलं, काम? तं म्हनं, हेच काम! मी काय आजारी हाय?"

*

आणि हा किस्सा तर सगळ्यांवर कडी. अमावस्येचं उधाण, भर दुपार, आणि आगराचा बाहेरचा बांध फुटला! खाडी आत घुसली. वर्षाचं मीठ जाणार, मागची गावाची भातशेती खारी होणार. वीस जणांनी काय होतंय? जोमानं गावात निरोप धाडला. बांध फुटला की घरटी एक माणूस धावून यायचा, हा तिथला जुना कायदा.

आणि घरचा माणूस तर फॅक्टरीत! अर्ध्या तासात मशिनं बंद करून अख्खी शिफ्ट बांधावर!

मागोमाग सबनीसांची जीप. "कुणाला विचारून आलात? एकेकाला घरी बसवतो!"

कुणी मान वर केली नाही. चिखलाच्या टोपल्या हातोहात पुढे चालल्या होत्या. जोमानं एक टोपली साहेबांपुढे धरली.

"सायब, धरा. मागं मानूस खोलंबलाय."

सबनीसांनी धरली. हातात ठेवून करणार काय? पुढच्याला दिली. तोवर दुसरी आली.

तासाभरानं मी हात जोडून त्यांच्याजवळ गेलो. साहेब गुडघाभर चिखलात, टाय खांद्यावर टाकलेला. म्हटलं, "साहेब, माझ्यापायी तुमची फॅक्टरी बंद पडली, माफी..."

सबनीस माझ्यावरच खेकसले, "शेटजी, गप्पा नंतर! तुम्ही उभे आहात तिथं रांग तुटतेय!"