माझी लेक आणि तिची पळणारी शेजारीण

ये गो, अशी जवळ बस. कागदावरूनच बोलावतेय, तरी बस, आणि थोडं ऐकून घे. पेणच्या रामवाडीत माझ्या लेकीच्या शेजारी राहतेस, शाळेत खेळ शिकवायचीस, बाई चांगली हायस, सगळं कबूल. पण बाळ जेमतेम बसायला लागलं नि तू त्याच्या आईला पळायला नेलंस. मला एका शब्दाने विचारलं नायस. आई मी हाय तिची.

बाळंतपणाला ती माझ्याकडे निडीला होती. शेक, तेल, डिंकाचे लाडू, सगळं माझ्या हातचं. तेव्हा गप्प गप्प असायची. विचारलं तर म्हणायची, काय नाय गं आई. पेणला परत गेली आणि थोड्याच दिवसांत फोनवर तिचा आवाज मोकळा झाला. मला बरं वाटलं. मग कळलं, रोज सकाळी बाळाला जावयांकडे ठेवून ती तुझ्याबरोबर पळते, आणि जे मला नाय सांगितलं ते तुला सांगते. बाळंतपणात तिला रडू यायचं म्हणे. माझ्या घरात, माझ्या शेजारच्या खाटेवर. आणि ऐकलंस ते तू.

खरं सांगते, पोटात दुखलं.

त्यात ती मलाच तुझं शहाणपण ऐकवणार. बाई म्हणतात, लांब पळायचं तर सुरुवातीला दम राखायचा, मूल वाढवायचं तेही तसंच. अगो, मी जन्मभर भाताची लावणी केलीय. सकाळी जी भराभरा वाकते ती दुपारी कमरेवर हात ठेवून बांधावर बसते. बाळाच्या पहिल्या महिन्यातच सगळा जीव ओतलास तर पुढची वर्षं कशी काढशील, हे मी तिला केव्हापासून सांगत होते. मी बोलले की कटकट, तू बोललीस की ट्रेनिंग.

मग तुमची ती एकवीस किलोमीटरची स्पर्धा आली. नातवाला सांभाळायला मी आदल्या दिवशीच पेणला आले. आमच्याकडे लांबून येणाऱ्याला कोरड्या तोंडाने उभं ठेवत नायत. म्हणून सकाळी उठून तांदळाची पेज केली, मीठ घातलं, आणि कडेवर नातू, हातात डबा अशी वळणावर उभी राहिले. तुम्ही दोघी आलात. लेक घामाने निथळत होती. मी झाकण काढून पुढे झाले, तर डब्यातून ही वाफ. पळणाऱ्या माणसाला गरम पेज पिता येत नाय, हे मला कोण सांगणार? तिने नुसता हात हलवला, तुझ्या हातातली बाटली घेतली नि गेली. नातवाने भोकाड पसरलं. त्याला चार घोट भरवले, उरलेली पेज मीच प्यायले, रस्त्यात उभी राहून.

शर्यत संपवून ती आली तेव्हा तिचे पाय थरथरत होते नि टी-शर्ट पुढून दुधाने भिजला होता. हे माझ्याआधी कुणाच्या ध्यानात येणार, असं म्हणत नातवाला तिच्याकडे पाजायला देऊन मी पदर सोडून आडोसा करायला निघाले, तोवर तू टॉवेल धरलासही. मग मी त्याचं दुसरं टोक धरलं. तू जरा वर ओढलंस, मी जरा खाली. आतून लेक म्हणाली, "आई, बाई, भांडण नंतर करा. आधी नीट धरा, लोकं बघतायत."

तू हसलीस. मला काय लगेच हसू आलं नाय. टॉवेलवरून बघितलं तर तुझेही पाय लटपटत होते, तरी बसली नव्हतीस. जावई नंतर म्हणाले, बाईंना कितीतरी पुढे जाता आलं असतं, पण त्या शेवटपर्यंत हिच्या पावलाने पळाल्या. ते ऐकून बरं वाटलं, आणि तेच अजून सलतंय. तिच्या पावलाने जायचं काम आईचं. ते तू कुठून उचललंस?

आता नातू खाटेला धरून उभा राहतो म्हणे. म्हणे, कारण तेही मला फोनवर कळलं, आणि फोन तुझा होता. त्याचं पहिलं पाऊल रामवाडीत पडलं तर तू बघशील, मी ऐकेन. ते काय मला सोसायचं नाय. लेकीला बोलावलं तर म्हणते, बाईंबरोबरच्या पळण्याला सुट्टी नको. म्हणून तुलाच बोलावते. तिला नि बाळाला घेऊन ये. आमचं अंगण सारवून सपाट केलंय. पळत नको येऊस, गाडीने निडीला उतर, मी स्टेशनवर येते. पण लवकर ये गो, तो पोरगा काय आपल्यासाठी थांबणार नाय.