वेर्नेद वाडीचा धूर

फिलोमेनकाकू हट्टी होती, हे आधीच सांगून टाकतो. आमचं गाव खाली नदीकाठी. तिची वेर्नेद वाडी वर डोंगरात, वाऱ्याच्या तोंडी. वाडीतली तरणी पोरं पहिल्या महायुद्धात गेली, उरलेली पॅरिसला पोटामागे. राहिली काकू, दोन शेळ्या आणि वाडीचं गायरान.

त्या गायरानावरच सगळ्यांचा डोळा. वाडीत एक जरी चूल पेटती असली, तर गायरान वाडीचं. ती विझली की ग्रामपंचायतीचं. सरपंच गास्पारला तिथं पाइनची झाडं लावायची होती. माणूस वाईट नाही, पण रोज सकाळी खिडकीतून वर बघायचा, धूर निघाला का.

काकूचा मुलगा दर हिवाळ्यात तिला शहरात न्यायला यायचा आणि हात हलवत परत जायचा. तुझ्या घरी चूल आहे का, असं ती विचारायची. त्याच्याकडे हीटर.

मी चिडून म्हणायचो, दोन शेळ्यांसाठी एवढं कशाला? ती कोबीचं सूप माझ्यापुढे आदळायची. "सासऱ्यानं त्या रानातले दगड वेचले, ते काय सरपंचाच्या झाडांसाठी?"

या फेब्रुवारीत ती बर्फावरून घसरली, खुबा मोडला. रुग्णवाहिकेत घालताना तिनं माझी बाही धरली. "बाप्तिस्त, चूल बघ."

मी रोज वर चढून लाकडं सारायचो आणि घरी येऊन झोपायचो. एकदा सरपंच तिथं आला. जाळाशी हात शेकत म्हणाला, नुसत्या धुरानं भागत नाही, इथं माणूस राहायला हवा. कायद्यानं त्याचं बरोबर होतं, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं.

हॉस्पिटलात काकू वाळून काडी झालेली.

"चूल चालू आहे ना?"

"आहे."

"राहतं कोण तिथं?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं. तिनं डोळे मिटले. त्याच आठवड्यात ती गेली.

बायको म्हणाली, मेलेल्या बाईला दिलेल्या शब्दापायी जित्या बायकोला सोडून चाललास. तिचंही खरं. तरी मी गादी उचलून वर आलो.

आता गुडघे ठणकतात, शेळ्या जवळ येऊ देत नाहीत, आणि माझ्यामागे ही चूल पेटवणारं कुणी नाही. खाली गास्पार अजून रोज सकाळी वर बघतो. माणूस वाईट नाही, पण आता तो माझ्या मरणाची वाट बघतोय.